शिक्षा कोणत्या तारखेला संपते?

फौजदारी अदालतीने सुनावलेली कैद ही आपल्या सरकारी कारभारातील कदाचित सर्वांत काटेकोर हिशेबाची बाब असेल. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, चांगल्या वर्तणुकीची माफी महिन्यागणिक नोंदली जाते, संचित रजेवरून परतायला विलंब झाला तर त्या माफीला कात्री लागते, आणि या साऱ्या बेरजा-वजाबाक्यांतून जी एक तारीख उरते तिच्या सकाळी मध्यवर्ती कारागृहाचे दार उघडते. मनुष्याची सही किंवा अंगठा घेऊन त्याचे कपडे, त्याच्या नावे जमलेली मजुरी आणि गावापर्यंतचे भाडे त्याच्या हाती ठेवले जाते, आणि राज्याचे त्याच्याशी असलेले देणे-घेणे कागदोपत्री चुकते होते. बीडच्या जिल्हा कारागृहात मुख्यतः न्यायबंदी असल्यामुळे दीर्घ मुदतीची शिक्षा झालेल्या बीडकराच्या बाबतीत हे दार बहुधा हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहाचे असते. तेथून तो एस.टी.ने गेवराईमार्गे आपल्या तालुक्याला येतो. यापुढे जी शिक्षा सुरू होते तिचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात नाही. तिला वजावट नाही, माफी नाही, आणि संपण्याची तारीखही नाही.

बीड जिल्ह्यात हा विषय काढणे सध्या सोपे नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला, आणि तेव्हापासून या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात गुन्हेगारीचा प्रतिशब्द म्हणून उच्चारले जाऊ लागले. त्या खटल्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. तो न्यायालयाचा विषय आहे. परंतु ज्यांच्या पाठीशी पैसा आणि वरदहस्त असतो त्यांना सुटून आल्यावर काम शोधत हिंडावे लागत नाही, आणि ज्यांना हिंडावे लागते त्यांची नावे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कधी आलेली नसतात, एवढा भेद मनात ठेवला म्हणजे पुढील विवेचन दयाबुद्धीचे वाटणार नाही. बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव घालून बसलेला, मोटारसायकल चोरून विकलेला, दारूच्या भरात चुलतभावाला जायबंदी केलेला, सावकाराच्या माणसाला डोके फुटेपर्यंत मारलेला, असा हा बहुसंख्य वर्ग आहे. त्यांनी केले ते वाईटच केले, त्याची शिक्षाही भोगली. प्रश्न त्यानंतरचा आहे.

वास्तविक तुरुंग हा शब्द मराठवाड्याला लाजिरवाणा कधीच नव्हता. अंबाजोगाईला, म्हणजे निजामी अमलातील मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे स्टेट काँग्रेसच्या लढ्यात वारंवार तुरुंगात गेले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले तेव्हाही ते निजामाच्या बंदिवासातच होते. त्यांच्यामागे गावोगावचे शेकडो तरुण गेले, आणि परतलेल्यांच्या गळ्यात गावाने हार घातले; पुढे त्यांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतने मिळाली. राजकीय बंदी आणि चोर यांत समाजाने भेद करावा हे उघडच आहे, आणि तो केलाच पाहिजे. मात्र त्या पिढीतील कितीतरी लोकांनी आत असताना साध्या गुन्ह्यांतल्या कैद्यांना अक्षरे शिकवली, त्यांचे अर्ज लिहून दिले, त्यांच्या कहाण्या ऐकल्या. तो संबंध स्वातंत्र्याबरोबर तुटला, आणि ताम्रपटधारकांच्या नातवंडांना आज तुरुंगाच्या आतले काहीही ठाऊक नसते.

आता परतलेल्या मनुष्याच्या मार्गातील पहिला कागद पाहू. त्याचे नाव ‘चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र’. अर्ज हल्ली ऑनलाइन करावयाचा असतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा जोडून शुल्क भरले म्हणजे तो जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून अर्जदाराच्या ठाण्याकडे उतरतो, ठाण्याचा अंमलदार गुन्ह्यांचे दप्तर चाळतो, आणि अर्जावर एक ओळीचा शेरा पडतो. त्या एका ओळीत सारे भवितव्य सामावलेले असते. सुरक्षारक्षक व्हावयाचे तर २००५ च्या खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या कायद्यान्वये ही पडताळणी लागतेच. प्रवासी वाहन चालविण्याचा बॅज हवा तर ती लागते. औद्योगिक वसाहतीतला ठेकेदार ती मागतो, शाळेची बस चालवायला ती लागते, आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्या कंपन्याही पार्श्वभूमी तपासल्यावाचून कामावर घेत नाहीत. पूर्वी मनुष्य पुण्याला किंवा भिवंडीला निघून गेला की मागचे मागे राहत असे. आता न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकले की खटला पुढे येतो, आणि कित्येकदा त्यात सुटका झाली की शिक्षा झाली एवढे पाहण्याचे श्रमही कोणी घेत नाही. ‘नाव निघालं’ एवढे पुरे होते.

दुसरा कागद शेताचा. समजा, धारूर तालुक्यातील एका कोरडवाहू गावचा, दीड-दोन एकरांचा खातेदार सात वर्षांनी घरी येतो. खटल्याच्या आरंभी वकिलाची फी आणि जामिनाची धावपळ यांसाठी जमीन गहाण पडलेली असते किंवा भावकीत कोणाच्या तरी नावे ‘तात्पुरती’ लिहून दिलेली असते, आणि तात्पुरते हा शब्द सातबाऱ्यावर उमटत नाही. बँकेचे खाते व्यवहाराअभावी निष्क्रिय झालेले, शिधापत्रिकेवरचे नाव कमी झालेले, पीककर्जासाठी सोसायटीत जावे तर थकबाकी पुढे उभी. गावात कोणी तोंडावर काही बोलत नाही; ‘आत जाऊन आलाय’ एवढेच मागून ऐकू येते. मुलीची सोयरीक जुळवताना मात्र ते समोरच विचारले जाते. बायको माहेरी गेलेली असली तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याचे अर्थशास्त्रच अर्ध्यावर येते.

कारण या जिल्ह्यात एक मालक असा आहे की जो कोणताही दाखला मागत नाही. तो म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. दसरा झाला की बालाघाटाच्या माथ्यावरची गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, केज, धारूर येथून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि पुष्कळांची दिवाळी उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीतच होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. जाण्यापूर्वी, पावसाळ्यातच, मुकादम उचल देतो. ती कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत असते, आणि ती मोळ्या तोडून, बांधून, वाहून फेडायची असते. खाडा झाला की दंड, आजारी पडला तरी खाडा, आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या वहीत जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही चांगली गोष्ट झाली. उचलीच्या वहीचा कायदा मात्र जिथल्या तिथे आहे.

सुटून आलेल्या मनुष्याला मुकादम काय विचारतो? कोयता धरता येतो का, जोडी आहे का, आणि कोणत्या गावचा. तुरुंगाविषयी विचारलेच तर कुतूहलाने. एखाद्या भाबड्या निरीक्षकाला हे फार उदार वाटेल, आणि मुकादमाच्या दृष्टीने त्यात खरोखरच थोडी माणुसकी असतेही. तोही कित्येकदा त्याच गावचा, कालपरवापर्यंत फडातच राबलेला असतो. तरीपण हे उदारपण कोणत्या भूमीवर उभे आहे ते पाहावे. ज्याला अन्यत्र कोठेही दार नाही त्याला उचल देण्यात मुकादमाचा धोका कमी असतो, कारण तो पळून जाणार कोठे? आणि पैसे घेऊन तो फडावर गेला नाही, किंवा मध्येच परतला, तर फसवणुकीची फिर्याद व्हायला वेळ लागत नाही. मजुरीचा तंटा फौजदारी दफ्यात जातो, आणि एकदा शिक्षा भोगलेल्याच्या बाबतीत ठाण्यातला अंमलदार दुसरी बाजू ऐकून घेण्याची शक्यता फारशी नसते. म्हणजे ज्या एकाच दारातून त्याला आत घेतले जाते, त्या दाराचा उंबरठा पुन्हा कचेरीच्या आवारातच उतरतो. मला या जिल्ह्याच्या परिस्थितीतील सर्वांत क्लेशदायक गोष्ट हीच वाटते: येथे दुसरी संधी मिळत नाही असे नाही, ती मिळते, परंतु ती कर्जाच्या रूपाने मिळते.

पोलिसांच्या बाजूनेही एक नियमित आठवण असते. निवडणूक जाहीर झाली, गणपती बसले, एखादी मिरवणूक निघणार असली, की ठाण्याच्या यादीवरच्या लोकांना नोटिसा जातात. चांगल्या वर्तणुकीचा मुचलका, जामीनदार, तहसील किंवा प्रांत कचेरीत हजेरी. लोक याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यातील कलम ५५ ते ५७ यांन्वये हद्दपारीचाही अधिकार आहे, आणि तिची मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते. सराईत गुंडांना आवर घालण्यासाठी असे अधिकार हवेत याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ज्याने पाच-सात वर्षे ट्रॅक्टर चालवून सरळ संसार केला त्यालाही केवळ जुन्या नोंदीपायी तारखेला दिवस मोडून उभे राहावे लागले, तर तो दिवस त्याच्या मालकाच्या लक्षात राहतो, आणि पुढच्या हंगामात ट्रॅक्टरवर दुसरा माणूस दिसतो.

येथे ज्यांनी गुन्हा न करताच ही शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या भोगली त्यांचा उल्लेख करावाच लागतो. बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी-पाटोद्याच्या बाजूला, पारधी समाजाची वस्ती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा शिक्का मारण्याची जी रीत घातली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाली, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि कायदा गेला तरी ठाण्याच्या दप्तरातली सवय गेली नाही. या सवयीची परिसीमा एका खटल्यात दिसली. २००३ साली नाशिकजवळ घडलेल्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली किंवा नव्याने ठोठावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन त्या साऱ्यांना निर्दोष सोडले व प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई पुनर्वसनासाठी देण्याचा हुकूम राज्य सरकारला केला. सोळा वर्षांचे पाच लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकानाच काढून टाकावयास सांगितले आणि विमुक्तांना सरसकट सराईत मानणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. तुरुंगाच्या आतील रकाना गेला. बाहेरच्या मनांतला जाण्यास न्यायालयाचा हुकूम पुरत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर कधी सुचलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळच्या माळरानावर ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने कुटुंबासह राहावे, जमीन कसावी, आठवडी बाजाराला जावे आणि परत यावे. या कल्पनेमागे मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमधून आलेला, गांधींच्या सहवासात भारतानंद झालेला इंजिनियर होता. पुढे निसर्गदत्त महाराजांची मुंबईतली संभाषणे इंग्रजीत आणणारा तो हाच. त्याच माणदेशचे ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावर पटकथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, ज्याला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट सर्वांनी पाहिला. वसाहत किती जणांनी पाहिली? ती अद्यापि आहे, मूठभर कैद्यांपुरती. चित्रपटात जेलरच्या डोळ्यांच्या धाकाने माणसे सुधारतात. वसाहतीत ती सुधारत असतील तर बायकामुले शेजारी असल्याने आणि पीक आपल्या डोळ्यांदेखत उगवल्याने, असा माझा समज आहे. चांगल्या कथेच्या सोयीसाठी गदिमांनी कुटुंबे वगळली, हे पटकथाकार म्हणून योग्यच होते. आपण मात्र ती वगळलेली गोष्टच खरी समजून बसलो.

बीडला याहून जवळचे उदाहरण पैठणचे. गेवराई तालुक्याची हद्द गोदावरीला जाऊन भिडते आणि नदीच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या सान्निध्यात, राज्याचे खुले कारागृह आहे. शिक्षेचा ठराविक भाग चांगल्या वर्तणुकीने काढलेल्या कैद्यांना तेथे पाठवितात; ते शेती करतात, शिक्षेत भरघोस सूट मिळवितात, आणि पळून जाण्याचा विचार सहसा करीत नाहीत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात असे ठरविले की कैद्याच्या श्रमाला न्याय्य मजुरी दिली पाहिजे आणि तिचा काही भाग ज्याचे नुकसान झाले त्याच्या भरपाईसाठी राखला पाहिजे. अलीकडे, १ मे २०२२ पासून, महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. तीत कैद्याला विनातारण, विनाजामीन, पन्नास हजारांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने मिळते आणि ते त्याच्या आतल्या मजुरीतून फिटते. कैदी पत ठेवू शकतो हे एका बँकेने मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे. मुकादमाची उचलही पन्नास हजारांपासूनच सुरू होते, आणि तीही विनातारणच. पण एकीला व्याजाचा दर आहे आणि दुसरीला शेवट नाही. हीच पत दाराबाहेर पडल्यावरही चालू राहिली पाहिजे, कारण खरी गरज तेव्हा असते. सुटकेनंतर साहाय्य करण्याचे काम सोपविलेले आहे जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याकडे, ज्याच्या अंगावर बालकांपासून महिलांपर्यंत आणखी दहा कामे असतात. न्या. मुल्ला समितीने १९८३ च्या अहवालात सुटकेनंतरच्या साहाय्याला तुरुंग-व्यवस्थेचा अविभाज्य भाग मानले होते.

कायद्याची स्थिती तर चमत्कारिक आहे. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराला लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणुकीपासून दूर ठेवते. सातव्या वर्षी तो कायदे करावयास पुन्हा मोकळा. बालगुन्हेगाराची नोंद २०१५ च्या बाल न्याय कायद्याने ठराविक मुदतीनंतर नष्ट करावयाची असते. ब्रिटनने १९७४ मध्येच कायदा करून ठराविक वर्षे निष्कलंक गेल्यास बहुतेक जुन्या शिक्षा मालकाला सांगण्याचे बंधन काढून टाकले. आपल्याकडच्या प्रौढ शिपायाला, चालकाला, पहारेकऱ्याला असे कोणतेही सातवे वर्ष नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचे कलम १२ म्हणते खरे, की परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. पण त्याने नोकरी वाचत नाही, असा अर्थ न्यायालयांनी पुढे लावला, कारण दोषसिद्धी तर राहतेच.

न्यायालयांनी कधी कधी मोठ्या मनाने पाहिले आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने जुना, आपसात मिटलेला खटला अर्जात लपविला होता; त्या प्रकरणात न्या. मार्कंडेय काट्जू यांनी तारुण्यातील चुकीचा बडगा जन्मभर उगारू नये असे सांगताना व्हिक्टर ह्यूगोच्या पावचोर जाँ वालजाँचे स्मरण केले. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने क्षुल्लक गुन्हा असेल तर मालकाने तारतम्य वापरावे, असे सूत्र घालून दिले. तारतम्य हे मात्र कचेरीतल्या लिपिकाने कोणत्या रकान्यात भरावे?

याहून मूलगामी विचार १९९६ मध्येच झाला होता. हरियाणातील एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला अश्लील वर्तनाच्या कलमाखाली वीस रुपये दंड झाला, आणि ‘नैतिक अधःपतन’ या शीर्षाखाली त्याची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ती त्याला परत दिली, आणि पुढे जाऊन संसदेला सुचविले की दोन हजारांपर्यंतचा दंड झालेली किरकोळ प्रकरणे कोणत्याही प्रयोजनासाठी, विशेषतः नोकरीसाठी, दोषसिद्धी मानली जाऊ नयेत असा कायदा करण्याचा विचार व्हावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालील पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, सामुदायिक सेवेची शिक्षा आली. गावच्या शाळेचे आवार झाडून ती भोगता येईल. त्या सेवेनंतर चारित्र्य पडताळणीच्या अर्जावर अंमलदाराने कोणता शेरा लिहावा, याविषयी संहितेत एक अक्षर नाही, आणि १९९६ ची सूचना संसदेच्या दप्तरात आहे तेथेच आहे.